आईचे हात उलतात: काय लावायचं, कधी लावायचं, काय बंद करायचं

एका मुलाचा प्रश्न आला आहे, थोडक्यात असा: आई सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वय एक्कावन्न. सकाळी दोन घरची धुणीभांडी, दुपारपासून विड्या वळणं. दिवाळी झाली की तिचे हात उलायला लागतात, पेरांच्या चिरांतून रक्त येतं, भाकरी मोडून कोरड्यासात बुडवली तरी चरचरतं. लिंबू-साखर, खोबरेल, व्हॅसलीन, सगळं करून झालं. दुकानातून आणलेल्या एका ट्यूबने आठ दिवसांत बरं वाटतं, बंद केली की पुन्हा तेच. घरच्या घरी काय करावं आणि कोणतं मॉइश्चरायझर आणावं?

मी या शहरात सव्वीस वर्षं त्वचेचे आजार बघते आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले की माझ्याकडे नुसते हातच येतात. विडीवाल्या बायकांचे, मागावर कांड्या भरणाऱ्यांचे, रंगखात्यात काम करणाऱ्यांचे, गवंड्यांचे. पुढे फेब्रुवारीत ज्वारी उपटून आलेल्यांचे. त्यातल्या बहुतेकांनी लावायला आणलेली वस्तू ठीक असते, ती लावायची वेळ चुकलेली असते. तुमच्या आईच्या बाबतीतही तेच झालं असावं.

आपल्याकडची कडक भाकरी घ्या. तिचा एक तुकडा तेलात टाका आणि एक पाण्यात. तेलातला तुकडा तासाभरानेही कडकच राहील, वाकवला की मोडेल. पाण्यातला थोड्याच वेळात मऊ पडेल. कातडीचंही असंच आहे. 1952 साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन शास्त्रज्ञाने हातापायाच्या घट्ट्याचे वाळके तुकडे घेऊन हेच करून बघितलं. तेलात ठेवलेले तुकडे ताठच राहिले, पाणी मिळालं ते लवचीक झाले. म्हणजे कातडी मऊ होते पाण्याने. तेल, तूप, व्हॅसलीन यांचं काम ते पाणी आत राखण्याचं. कोरड्या ठक्क हातावर व्हॅसलीन चोपडलं, तर राखायला आत पाणीच नसतं. म्हणून आई म्हणते, "लावून काय उपेग नाही."

तळहाताची आणखी एक अडचण अशी की तिथे तेलाच्या ग्रंथीच नसतात. चेहऱ्याला, पाठीला निसर्गतः थोडं तेल मिळत राहतं, तळहाताला फक्त घाम मिळतो. वरचा थर जाड असतो, आणि जाड थर वाळला की वाकत नाही, फुटतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा. आणि रोज वाकणार कुठे? पेरांवर, अंगठ्याच्या बेचक्यात, नखांच्या कडेला. भेगा तिथेच पडतात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या बाईचे हात का उलावेत? कारण भिजणं आणि वाळणं हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा झालं की दर खेपेला कातडीच्या थरांमधली स्निग्ध चिकटण थोडी धुऊन जाते. त्यात साबण. कातडी स्वभावाने किंचित आंबट असते, तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण पाचच्या आसपास. सातच्या खाली आंबट, वर खारं. भांड्यांच्या आणि कपड्यांच्या वडीचा पीएच नऊ-दहा, राखेचा त्याहून जास्त. वर तारेची घासणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे धुणीभांडी बहुतेक बोअरच्या पाण्यावर चालतात. ते जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून बाई जास्त साबण घेते, आणि त्याचा चिकट थर हातावर राहतो. नंतर दुपारी हातात येतो तंबाखूचा भुरका आणि भिजवलेल्या पानांचा तुरटपणा. या बाईला नुसती क्रीमची डबी आणून देणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी सोडणं.

आता तिच्या दिवसाप्रमाणे सांगते.

सकाळी कामाला निघायच्या आधी, कोरड्या हातावर व्हॅसलीनचा पातळ हात. इथे कोरड्यावर लावायचं, कारण इथे आपल्याला साबणापासून आडोसा हवा आहे. पेरं, नखांची मुळं, बेचकं यांवर जरा जास्त. रबरी हातमोजे मिळाले आणि तिला जमले तर फार चांगलं, पण आतून सुती मोजे हवेत आणि सलग पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नकोत. आत घाम साचला की तो घामच कातडी खातो. पुष्कळ बायका सांगतात, मोज्यात भांडं निसटतं, मालकीण ओरडते. मी आग्रह धरत नाही. त्याऐवजी लांब दांड्याचा ब्रश, वडीऐवजी पाण्यात पातळ केलेलं लिक्विड, आणि तारेची घासणी फक्त करपलेल्या पातेल्यापुरती. अंगठी आणि बांगड्यांखाली साबण अडकून राहतो, तिथली कातडी आधी जाते. कामापुरती अंगठी काढून ठेवायला सांगा.

दुसऱ्या घरचं काम संपलं की हात साध्या पाण्याने नीट धुवायचे, पदराने खसखसा पुसायचे नाहीत, नुसते टिपायचे. हात अजून दमट आहेत तोवरच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, ग्लिसरीन असलेलं कुठलंही साधं, बिनवासाचं क्रीम लावायचं. माझ्या मते तिच्या सगळ्या दिवसातली ही तीन मिनिटं सर्वांत महत्त्वाची. क्रीमची छोटी डबी घरी कपाटात असून उपयोगाची नाही, ती तिच्या कामाच्या पिशवीत हवी.

विड्या वळायला बसण्याआधी तासभर काहीही लावू नका. हात तेलकट असला तर पान सरकतं, दोरा धरत नाही, विडीला डाग लागला तर कारखान्यात माल छाटात जातो. हजार विड्यांवर जिचं घर चालतं तिला "दर दोन तासांनी क्रीम लावा" असं सांगणारा डॉक्टर तिचं काम बघून सांगत नाही. वळताना हात कोरडेच राहू द्या. मात्र उघड्या चिरांवर कागदी चिकटपट्टी लावा, ती पानाला आडवी येत नाही आणि चिरेत तंबाखूही जात नाही. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून आत शिरतं, फाटलेल्या कातडीतून अधिक. वळून झालं की हात धुतल्याशिवाय जेवण नाही, लेकराला हात लावणं नाही. धुवायला भांड्यांची वडी नको, अंगाचा सौम्य साबण किंवा चिमूटभर डाळीचं पीठ. टिपायचं आणि पुन्हा दमट हातावर क्रीम.

रात्रीचा उपाय खरा गुणकारी. झोपायच्या आधी घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं, गरम नाही. मीठ, लिंबू, शॅम्पू काही टाकायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं हात बुडवून बसायचं. पेरांवरच्या भेगांच्या कडा पांढुरक्या आणि मऊ झालेल्या दिसतील. टिपून लगेच व्हॅसलीनचा भरपूर थर, आणि वर जुने सुती पायमोजे हातात घालून झोपायचं. पायमोजे नवे नकोत, धुऊन धुऊन मऊ झालेले हवेत. पहिल्या दोन रात्रींत चरचर कमी होते, चिरा भरायला दहा ते पंधरा दिवस लागतात. व्हॅसलीन स्वस्त आहे म्हणून लोक त्याला कमी समजतात. कातडीतून उडून जाणारं पाणी रोखण्यात त्याच्या तोडीचं महागड्या बरण्यांतही क्वचितच काही सापडतं.

आणि किती लावायचं? बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूब पिळून जेवढी रेघ येते ती अर्धा ग्रॅम. एका हाताला, पुढूनमागून, तेवढी लागते. दोन हातांना एक ग्रॅम, दिवसातून चार वेळा म्हणजे चार ग्रॅम. पन्नास ग्रॅमची डबी बारा-तेरा दिवसांत संपली पाहिजे. तुमच्या घरी तीच डबी गेल्या संक्रांतीपासून चालू असेल, तर क्रीम काम करत नाही असं म्हणता येणार नाही.

आता घरगुती उपायांकडे येते. माझा त्यांना विरोध नाही, निम्मे मी स्वतः सांगते.

लिंबू-साखर आजपासून बंद. लिंबाचा रस तीव्र आम्ल, आणि साखरेचे दाणे उघड्या चिरेत घासणं म्हणजे जखमेवर रेती चोळणं. घासल्यावर हात गुळगुळीत लागतो, कारण वरचा थर खरवडून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी तिथेच नवी भेग. शिवाय लिंबाचा रस लागलेला हात आपल्याकडच्या उन्हात गेला तर काळे डाग, कधी फोडसुद्धा येतात.

खोबरेल चांगलं आहे, ओल्या हातावर लावलं तर. ते साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. दिवाळीनंतर सकाळी बाटलीतलं तेल पांढरं झालेलं दिसलं की त्याच दिवसापासून रात्रीचा उपाय सुरू करा, भेगा पडायची वाट बघू नका. आपल्या भागात करडई पिकते. घाण्याचं करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेलही हाताला चालतं, त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडीला आपली चिकटण बांधायला ते लागतं. मोहरीचं तेल मात्र नको, ते नाजूक कातडीला झोंबतं.

शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप, याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण विसरत चाललेली ही वस्तू मला मनापासून आवडते. अक्कलकोटच्या एका पेशंट आजींनी ती माझ्यासमोर करून दाखवली. तांब्याच्या परातीत चार चमचे साजूक तूप, त्यावर वाटीभर गार पाणी, आणि तळहाताने गोल गोल फेटणं. मिनिटभराने पाणी गढूळ होतं, ते ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. पंधरा-वीस खेपांत पिवळेपणा उतरतो, चाळीसएक खेपांत तुपाचा वास जातो, आणि शेवटी परातीत लोण्यासारखा पांढराशुभ्र, हलका गोळा उरतो. बोटावर घेतला की थंड लागतो. इतकं फेटल्यावर तुपात पाण्याचे बारीक थेंब कोंडले जातात, म्हणजे पाणी आणि ते राखणारा तुपाचा स्निग्धपणा दोन्ही एकाच बोटावर येतात. विकतचं कोल्ड क्रीमही याच तत्त्वावर बनतं. आजींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं, त्यांच्या सासूने करायला लावलं होतं. उघड्या चिरांवरही ते झोंबत नाही. पण थोडंच करा, बरणी फ्रिजमध्ये ठेवा, आंबूस वास आला की टाकून द्या.

मेणाचं मलम करायचं असेल तर चाळीस ग्रॅम खोबरेलात दहा ग्रॅम मधमाशीचं मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं आणि डबीत ओतायचं. मेणबत्ती वितळवू नका. कोकमाचं तेल, ज्याला कोकणात भिरंडेल म्हणतात, काष्ठौषधींच्या दुकानात वडीच्या रूपात मिळतं. टाचांना उत्तम, हाताला जरा जड. साय लावली तर धुऊन टाका, रात्रभर ठेवू नका. कोरफडीचा गर थंड वाटतो, पण तो जवळपास सगळा पाणीच. वर तेल लावलं नाही तर अर्ध्या तासात हात आधीपेक्षा कोरडा. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी गळू द्या, तो खाजतो. शुद्ध ग्लिसरीन तसंच लावू नका, एक भाग ग्लिसरीनला दोन भाग गुलाबपाणी किंवा साधं पाणी, आणि वरून व्हॅसलीन.

युरियाची क्रीम मिळतात. दहा टक्क्यांचं क्रीम जाड, राकट पण न फुटलेल्या तळहाताला फार छान काम करतं. उघड्या चिरेवर लावलं तर आग होते. म्हणून आधी रात्रीच्या उपायाने चिरा भरू द्या, मग युरिया.

दोन गोष्टींबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. भेगांत गरम बिब्बा घालू नका. गावाकडे टाचांना बिब्ब्याचं तेल सोडतात, तेच कुणी हाताला करतं. बिब्ब्याने भाजलेला हात मी पाहिला आहे. मनगटापर्यंत सूज, पाण्याने भरलेले फोड, आणि बाई तीन आठवडे कामावर नाही. दुसरं म्हणजे फेव्हिक्विक. मागावरची मुलं चिरा चिकटवायला ते सर्रास वापरतात. ते औद्योगिक गोंद आहे, कातडीवर तापतं, आत घाण कोंडून ठेवतं. चीर मिटवायचीच असेल तर चिकटपट्टी आहे.

हातावरचे घट्टे मात्र कापू नका, दगडाने घासून सपाट करू नका. ते कातडीने कामासाठी उभं केलेलं चिलखत आहे. काढले तर चार दिवसांत तिथे फोड येतील. कष्टाचा हात मऊ असायची गरज नाही. मूठ वळली की दुखू नये, एवढंच आपल्याला हवं आहे. घट्ट्याची कड फुटली असेल तर तेवढीच भिजवून नरम करा.

आता त्या ट्यूबबद्दल. आठ दिवसांत बरं आणि बंद केली की परत, हे वाचल्यावर माझी खात्रीच झाली की त्यात स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि खाज दाबणारं औषध, आहे. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती हातोहात मिळतात. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. एक्झिमा, म्हणजे खाजणारा, लाल होणारा कातडीचा दाह, असेल तर मीही ते देते, पण किती दिवस आणि कसं कमी करायचं ते ठरवून. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि आणखी लवकर फाटते. त्याहून वाईट म्हणजे मुळात नायटा असेल तर वरून शांत दिसतो आणि खाली पसरत राहतो. एकाच तळहातावर, रेषांमध्ये पीठ भुरभुरल्यासारखा कोंडा, आणि दोन्ही तळपायांनाही तसंच, असं दिसलं तर तो बुरशीचा आजार असण्याची शक्यता मोठी. काचपट्टीवर कोंडा खरवडून दहा मिनिटांत तपासता येतो. त्याला कुठल्याही मॉइश्चरायझरने गुण येणार नाही.

तसंच कोणती बोटं फुटतात ते बघा. शेंगाची चटणी करून विकणाऱ्या एक बाई माझ्याकडे दोन वर्षं येत होत्या. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, फक्त शेंडे फुटलेले. उजवा हात ठणठणीत. डाव्या हाताने लसूण धरायची, उजव्याने सोलायची, एवढंच कारण. लसणाची ॲलर्जी. पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि चार दिवसांनी बघतात. लसूण सोलायचं काम सुनेकडे गेलं, बोटं महिन्यात भरली. गवंड्याला सिमेंटमधल्या क्रोमेटची, शेतातल्या बाईला गाजरगवताची, हातमोज्याच्या रबराचीसुद्धा अशीच ॲलर्जी असू शकते. तुमच्या आईची दोन्ही हातांची बोटं सारखीच फुटत असतील तर पाणी-साबण हे कारण. चिमटीचीच बोटं फुटत असतील तर तंबाखू-पानाचा संशय घ्यायला हवा.

आणखी एक, आज रात्रीच करा. आईला डोळे मिटायला सांगा आणि पेनच्या टोकाने तिच्या तळहाताला, विशेषतः करंगळीच्या बाजूला, हलकेच स्पर्श करा. कुठे टेकवलं ते तिने दुसऱ्या हाताने दाखवायचं. एखाद्या जागी कळत नसेल, तिथे घामच येत नसेल, किंवा तव्याचा चटका बसून फोड आला तरी तिला जाणवलं नसेल, तर तो साधा कोरडेपणा नाही. कुष्ठरोगात नस अशी बधिर होते. लवकर कळलं तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं मोफत मिळतात. घाबरायचं, लपवायचं कारण नाही, थांबायचंही नाही.

पू, ताप, नखाभोवती लाल सूज, तळहातावर रात्री झोपू न देणारी खाज आणि बारीक पाण्याचे दाणे, कोपरांवर किंवा डोक्यातही जाड खपल्या, मधुमेह असून न भरणारी चीर, यातलं काहीही असेल तर पंधरा दिवस वाट न बघता दाखवा. बाकी ठीक असेल तर पंधरा दिवस वर सांगितलेलं नेमाने करा आणि मगच या. सिव्हिलच्या त्वचारोग विभागात सकाळी दाखवता येतं.

येताना पिशवीत आईने लावलेल्या सगळ्या ट्यूबा टाका, रिकाम्या असल्या तरी. भांड्यांची वडी, अंगाचा साबण, आणि कागदात गुंडाळून चिमूटभर तंबाखू व एक पान. आदल्या रात्री हाताला काही लावू नका आणि मेंदी तर मुळीच नको, खालची कातडी दिसत नाही.